अदालतीची भाषा आणि आपण

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे म्हणतात. म्हण खरी आहे. पण ती पायरी माणूस दर वेळी आपण होऊन चढतो असे नाही. वडिलार्जित जमिनीची वाटणी होते, शेजाऱ्याशी बांधावरून तंटा लागतो, आणि एके दिवशी बेलीफ दारात उभा राहून कागद हाती देतो. त्या कागदावरील चार शब्द न कळल्यामुळे हक्काची वस्तू गमावून बसलेली माणसे आपणां सर्वांच्या पाहण्यात आहेत. म्हणून वाचकहो, नांदेड आणि लातूरच्या कचेऱ्यांत रोज कानी पडणारे हे शब्द आले कोठून आणि त्यांचा अर्थ काय, हे आज थोडे पाहू.

आपला मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. नांदेड तेव्हाही जिल्ह्याचे ठिकाण होते; लातूर मात्र उस्मानाबाद जिल्ह्यात होते आणि स्वतंत्र जिल्हा झाले ते १६ ऑगस्ट १९८२ रोजी. हैदराबादच्या अदालतींचा कारभार आधी फारसीत चाले; १८८४ साली फारसीच्या जागी उर्दू आली. पुढे १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले आणि कायद्याचे शिक्षणही उर्दूतून मिळू लागले. १९२१ साली न्यायखाते महसुली अंमलदारांच्या हातून काढून वेगळे करण्यात आले. हेच तत्त्व पुढे भारतीय संविधानाच्या ५० व्या अनुच्छेदात आले, हे आपल्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला आणि १९८१ मध्ये उच्च न्यायालयाचे खंडपीठ औरंगाबादला बसू लागले. राज्ये बदलली, शब्द मात्र राहिले.

ते राहण्याचे कारण जुने आहे. बहामनी काळापासून दख्खनच्या दफ्तरांत फारसी मुरली होती. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या सुमारास रघुनाथ पंडितांनी राज्यव्यवहारकोश रचून फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. तरीही रयतेच्या तोंडचे दावा, वकील, जामीन हे शब्द गेले नाहीत. आज ते जितके उर्दूचे तितकेच मराठीचे आहेत.

आता एका शब्दाचे कुटुंब पाहा. अरबीत ज्या धातूचा अर्थ हाक मारणे असा आहे, त्यापासून दुआ हा शब्द झाला, दावत झाला आणि दावाही झाला. अल्लाहला घातलेली हाक ती दुआ, पाहुण्याला जेवायला घातलेली हाक ती दावत, आणि न्यायाधीशापुढे आपल्या हक्कासाठी घातलेली हाक तो दावा. दावा करणारा तो मुद्दई, ज्याच्यावर दावा तो मुद्दालेह. मराठीत आपण त्यांना वादी आणि प्रतिवादी म्हणतो. ज्या गोष्टीचा दावा केला ती मुद्दा. फौजदारी खटल्यात पोलिसांनी जप्त केलेल्या वस्तूंना मुद्देमाल म्हणतात, तोही याच घरातला. तसेच इन्साफ. त्याचे मूळ निस्फ, म्हणजे अर्धा भाग. दोघांना सारखे माप देतो तो मुन्सफ. ज्याच्यावर आपण काम सोपवून निर्धास्त होतो तो वकील, आणि अल्लाहवर भरवसा ठेवणे ते तवक्कुल. दोन्हींचे मूळ एकच.

परंतु काही शब्दांनी मराठीत येताना अर्थ बदलला आहे. तेथे सावध राहिले पाहिजे. राजीनामा म्हटले की आज आपल्याला नोकरी सोडल्याचा कागद आठवतो. जुन्या उर्दू कागदात मात्र राजीनामा म्हणजे दोन्ही पक्षांनी राजी होऊन केलेली तडजोड. आजोबांच्या पेटीत असा कागद निघाला, तर आजोबांनी हक्क सोडला असे घाईने समजू नका. पूर्ण मजकूर वाचून घ्या. कलम म्हणजे लेखणी, पण मराठी कायद्यात कलम म्हणजे ज्याला उर्दूत दफा म्हणतात ते. उर्दूत जमानत ही हमी आणि जामीन हा ती देणारा माणूस. मराठीत ‘जामीन मिळाला’ आणि ‘जामीन राहिला’ अशा दोन्ही अर्थांनी एकच शब्द चालतो. दुसऱ्यासाठी जामीन राहताना हा फरक विसरू नये. आरोपी तारखेला हजर झाला नाही तर लिहून दिलेली रक्कम जामीनदाराकडून वसूल होऊ शकते.

दिवाणी दाव्याची वाट कशी जाते, तेही समजून घ्या. समन्स मिळाले की प्रतिवादीने आपली लेखी कैफियत द्यायची असते. कैफियत म्हणजे ‘कसे घडले’ ते सांगणे. त्यासाठी ३० दिवसांची मुदत आहे. न्यायालय कारण पाहून ती ९० दिवसांपर्यंत वाढवू शकते. कागद फळीवर ठेवून दिला तर दावा एकतर्फी चालतो. तसा एकतर्फी हुकूमनामा झालाच, तर तो रद्द करून घेण्याच्या अर्जालाही मुदत ३० दिवसांचीच आहे. दावा चालू असता समोरच्याला एखादी गोष्ट करण्यापासून थांबवणारा आदेश तो मनाई हुकूम. शेवटी निकाल होतो आणि हुकूमनामा निघतो. बरेच लोक येथे पेढे वाटून स्वस्थ बसतात. पण समोरच्याने आपण होऊन हुकूमनामा पाळला नाही, तर दरखास्त द्यावी लागते. फारसीत दरखास्त म्हणजे कोणतीही विनंती; आपल्या कोर्टात मात्र तिचा अर्थ हुकूमनाम्याची अंमलबजावणी मागणे. तिला सामान्यतः १२ वर्षांची मुदत आहे. ती गेली की जिंकलेला दावाही हातचा जातो.

आता घरातल्या जुन्या कागदांविषयी. त्यांवर सन फसली असतो. १३१७ फसलीचा कागद दिसला तर त्यात ५९० मिळवा, म्हणजे १९०७ साल येईल. काही महिन्यांचा फरक पडतो. हैदराबादचा जमीन महसूल कायदा त्याच १३१७ फसलीचा. इनाम जमिनीचा मुंतखब, १९५४-५५ चे खासरा पाहणी पत्रक, हे कागद आजही मराठवाड्यातील वादांत पुढे येतात. मुंतखब म्हणजे निवडून काढलेला उतारा. निवडणुकीला उर्दूत इंतिखाब म्हणतात, तोच हा शब्द. मशिदीची, दर्ग्याची किंवा कब्रस्तानची जमीन पुष्कळदा याच कागदावर उभी असते. २०२३ साली शासनाने कुणबी नोंदींसाठी मराठवाड्यातील निजामकालीन दफ्तरे तपासायला घेतली, तेव्हा उर्दू आणि मोडी वाचणारी माणसे शोधावी लागली. आपल्या घरातल्या मुलाला उर्दू वाचता येणे हे गावाच्याही उपयोगाचे आहे, हे त्यावरून दिसते.

मात्र केवळ उर्दू येऊन भागणार नाही. खालच्या न्यायालयांची भाषा मराठी आहे, उच्च न्यायालयाची इंग्रजी. कायदेही बदलतात. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडविधानाच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. ज्या कलमावरून आपण ठकाला ‘चारसोबीस’ म्हणत आलो, ती फसवणूक आता ३१८ व्या कलमात आहे. बोलीतला चारसोबीस राहील, फिर्यादीतला राहणार नाही.

पालकांना एवढेच सांगणे आहे. न वाचलेल्या कागदावर सही अथवा अंगठा करू नका. फी परवडत नाही म्हणून गप्प बसू नका. १९८७ च्या कायद्याप्रमाणे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो, आणि स्त्रियांना व मुलांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. विद्यार्थ्यांनो, या सुट्टीत दादाजानची पेटी उघडा. एकेक कागद काढून मोठ्यांपुढे वाचा, साल इसवीत करा, मराठीत दोन ओळींचा सारांश लिहून त्याच कागदाला जोडून ठेवा. तो वाचून दाखवणारे वडीलधारे अजून घरात आहेत, तोवरच हे काम सोपे आहे.