खेळाडू कोणाचा?



खेळाडूंचा लिलाव दूरचित्रवाणीवर चालू असला म्हणजे आमच्या घरी दोन प्रकारचे उद्गार ऐकू येतात. एक, "ह्याला कशाला घेतला?" आणि दुसरा, "ह्याला इतके कोटी?" हे उद्गार काढणाऱ्यांत वयाने सर्वांत वडील मीच असतो, हे प्रारंभीच कबूल करून टाकतो. माझे मन मात्र क्रिकेटपेक्षा फुटबॉलात अधिक रमते. लहानपणी वडिलांचे बोट धरून कूपरेजच्या मैदानावर रोव्हर्स कपाचे सामने पाहिले, तेव्हापासून संघात कोणास घ्यावे, कोणास बसवावे ह्याविषयी माझी मते अत्यंत ठाम आहेत. ती मला कोणी आजवर विचारलेली नाहीत, एवढेच.

वरील दोन उद्गारांचा एकमेकांशी काही संबंध असेल अशी शंकाही मला पुष्कळ वर्षे आली नव्हती. ती आली इंग्लंडातील फुटबॉलचा इतिहास वाचीत असताना. पगारी फुटबॉलचा धंदा प्रथम तेथे उभा राहिला आणि संघाची यादी व खेळाडूचा पगार ह्या दोन गोष्टींवरून तेथे जितके भांडण झाले तितके क्वचितच कोठे झाले असेल. ती हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे.

आरंभी हा खेळ सुखवस्तू विद्यालयांतील तरुणांचा होता. खेळून पैसे घेणे हे त्यांच्या दृष्टीने हलकेपणाचे. परंतु लँकशायरच्या कापडगिरण्यांच्या गावांत खेळ पोहोचला, तेव्हा शनिवारी दुपारी गिरणी सुटल्यावर हजारो माणसे पैसे देऊन मैदानात येऊ लागली आणि त्यांना आपला संघ जिंकावयास हवा होता. चांगले खेळाडू स्कॉटलंडातून येत. त्यांना नावापुरती गिरणीत नोकरी द्यावयाची आणि खरा पगार गुपचूप हातावर ठेवावयाचा, अशी वहिवाट पडली. 1884 साली प्रेस्टनच्या संघाविरुद्ध तक्रार झाली, तेव्हा त्या क्लबचे चालक सडेल ह्यांनी, होय, आम्ही पैसे देतो, असे सरळ सांगून टाकले. प्रेस्टनला स्पर्धेतून काढले. पण झाकलेली मूठ उघडली ती उघडलीच, आणि 1885 साली पगारी खेळाडूंना रीतसर मान्यता मिळाली. 1888 साली बारा क्लबांनी मिळून फुटबॉल लीग स्थापन केली.

आता खरा प्रश्न उभा राहिला. खेळाडू पगार घेणार, तर अधिक पगार देईल तिकडे तो जाणार. मग मोठ्या शहरातील श्रीमंत क्लब सर्व गुणी माणसे पळवतील आणि लहान गावाच्या क्लबला टाळे लागेल. ही भीती खोटी नव्हती, हे लक्षात ठेवावे. तिच्यावर क्लबांनी जो उपाय योजिला त्याचे दोन भाग होते.

पहिला भाग यादीचा. प्रत्येक हंगामाच्या अखेरीस क्लब पुढील वर्षी ठेवावयाच्या खेळाडूंची यादी लीगकडे पाठवी. ज्याचे नाव त्या यादीत असेल, त्याचा करार संपला असला तरी त्याला लीगमधील दुसऱ्या कोणत्याही क्लबात खेळता येत नसे. खेळणे त्याला मान्य नसेल तर त्याने घरी बसावे. दुसऱ्या क्लबला तो हवा असल्यास त्या क्लबने पहिल्या क्लबला किंमत द्यावी. दुसरा भाग पगाराचा. 1901 च्या हंगामापासून असा नियम झाला की कोणाही खेळाडूस आठवड्याला चार पौंडांहून अधिक वेतन देता येणार नाही. चार पौंड ही रक्कम तुच्छ नव्हती. कुशल कारागिराच्या मिळकतीच्या ती सुमारे दुप्पट होती. पण दहा-बारा वर्षांत पाय थकले की पुढे काय, हा प्रश्न कारागिराला पडत नसे, तो ह्यांना पडे.

हे दोन्ही भाग मिळून एकच कुलूप होते. नुसती पगाराची मर्यादा असती तर नाराज खेळाडू निदान आपल्या आवडीच्या गावी निघून गेला असता. नुसती यादी असती तर क्लबला त्याची मनधरणी करण्यासाठी पगार वाढवावा लागला असता. दोन्ही एकत्र आल्यावर त्याला जाता येईना आणि मागताही येईना.

येथे एक गोष्ट आठवली, ती सांगतो. मॅट्रिक होऊन मी शिक्षकीत शिरलो तेव्हा पहिली काही वर्षे एका खाजगी संस्थेच्या शाळेत काढली. त्या शाळेत एप्रिलच्या अखेरीस पुढील वर्षी कोणाला ठेवावयाचे त्यांची नावे फळ्यावर लागत. फळ्याजवळ जाताना आम्ही तरुण शिक्षक चपला सावकाश वाजवीत जात असू, जणू काही सहजच चाललो आहोत. आमची भीती नाव नसण्याची होती. इंग्लंडातील खेळाडूची तऱ्हा विचित्र, की त्याला नाव नसण्याचीही भीती आणि नाव असण्याचीही.

1905 साली जत्रेत शोभेल असा एक सौदा झाला. मिडल्सब्रोचा संघ खालच्या वर्गात ढकलला जाण्याच्या बेतात होता. त्याने शेजारच्या संडरलंड क्लबकडून आल्फ कॉमन हा खेळाडू एक हजार पौंडांना घेतला. एवढी किंमत त्यापूर्वी कोणाचीच झाली नव्हती, आणि माणसांची गुरांसारखी खरेदी-विक्री चालली आहे असा ओरडा वृत्तपत्रांतून झाला. कॉमनने गोल करून परगावचा सामना जिंकून दिला, मिडल्सब्रो वरच्या वर्गात टिकले, आणि ओरडा शमला. हजार पौंड संडरलंडला मिळाले. खेळाडूच्या पगाराची मर्यादा होती तेथेच, चार पौंडांवर, राहिली.

ह्या व्यवस्थेविरुद्ध उभा राहिलेला एक पुरुष म्हणजे बिली मेरेडिथ. वेल्समधील चर्क गावच्या कोळशाच्या खाणीत लहानपणापासून राबलेला, दातांत काडी चघळीत उजव्या बगलेवरून धावणारा हा खेळाडू मँचेस्टर सिटीचा लाडका होता. त्याचे चरित्र निष्कलंक होते असे मी म्हणत नाही. प्रतिस्पर्धी खेळाडूस लाच देऊ केल्याच्या आरोपावरून 1905 साली त्याला शिक्षा झाली होती. त्याच प्रकरणाच्या ओघात, सिटी क्लब मर्यादेबाहेर पगार देत असे, हे उघडकीस आले आणि सतरा खेळाडूंवर बंदी आली. मेरेडिथ आणि त्याचे काही सोबती शेजारच्या मँचेस्टर युनायटेडकडे गेले. 1907 च्या डिसेंबरात त्याच शहरात खेळाडूंची युनियन स्थापन झाली.

1909 साली फुटबॉलच्या चालकांनी हुकूम काढला की युनियन सोडा, नाही तर खेळ सोडा. बहुतेकांनी युनियन सोडली. पोटाचा प्रश्न होता, त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार मला नाही. मँचेस्टर युनायटेडच्या खेळाडूंनी मात्र नकार दिला. त्यांना आपल्या मैदानावर येण्यास मज्जाव झाला, तेव्हा त्यांनी दुसरीकडे सराव चालू ठेवला आणि ‘बहिष्कृतांचा फुटबॉल क्लब’ अशी पाटी पुढे धरून आपले छायाचित्र काढून घेतले. ते छायाचित्र आजही पाहावयास मिळते. हंगाम सुरू होण्याच्या तोंडावर तडजोड झाली. युनियन राहिली, कुलूपही राहिले. 1912 साली किंगाबी नावाच्या खेळाडूने अ‍ॅस्टन व्हिलावर फिर्याद केली, ती फेटाळली गेली आणि खर्चाने युनियन डबघाईस आली.

ह्या सर्व भांडणात प्रेक्षक कोठे होता? माझ्या मते त्याचे उत्तर स्टोक गावी सापडते.

स्टोक म्हणजे चिनी मातीच्या भांड्यांचे गाव. तेथील हॅन्ली भागात एक न्हावी राहत असे, तो मुष्टियोद्धाही होता. त्याचा मुलगा स्टॅन्ली मॅथ्यूज 1932 साली, सतराव्या वाढदिवशी, स्टोक सिटीचा पगारी खेळाडू झाला. चेंडू पायाशी घेऊन समोरच्याला चकविण्यात त्याच्या तोडीचा माणूस त्या देशात नव्हता. त्या वेळी पगाराची मर्यादा हंगामात आठ पौंड आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत सहा पौंड होती; 1922 साली ती नऊ पौंडांवरून खाली आणली होती. दीर्घ चाकरीबद्दल मिळणाऱ्या बक्षिसाच्या रकमेवरून क्लब काचकूच करू लागला, व्यवस्थापक मॅक्ग्रोरी ह्यांच्याशी पटेना, आणि 1938 च्या फेब्रुवारीत मॅथ्यूजने जाण्याची परवानगी मागितली.

गाव खडबडून उठले. सभा भरली, सुमारे तीन हजार माणसे आत आणि आणखी कितीतरी बाहेर. मॅथ्यूज जाता कामा नये, हीच एक मागणी. कारखानदारदेखील ह्या चळवळीत होते, कारण कामगारांचे चित्त कामावर नव्हते! मॅथ्यूज लाजाळू माणूस. एवढे प्रेम पाहून तो राहिला. ही हकीकत मी प्रथम वाचली तेव्हा माझा ऊर भरून आला. माझ्यासारख्या प्रेक्षकाचा हा विजयच की! मागाहून मनात आले की त्या हजारो माणसांना जरी वाटले असते की ह्याला आठाचे दहा पौंड द्या, तरी ते देणे नियमाबाहेर होते. त्यांचे प्रेम तिकिटाच्या खिडकीवर जमा होई आणि तेथून खेळाडूकडे जाण्यास वाट नव्हती.

क्लबांचे संचालक तो पैसा घरी नेत, असे मात्र कोणी समजू नये. संचालकांना वेतन नसे, आणि भागांवरील नफ्यासही शेकड्याचे बंधन होते. पैसा मैदाने बांधण्यात आणि दुसऱ्या क्लबांच्या खेळाडूंच्या किमतीत जाई. अन्याय करणारी माणसे दुष्टच असावी लागतात, असे नाही.

युद्धानंतर, 1946 साली, मॅथ्यूज दुखापतीतून बरा झाला तेव्हा मॅक्ग्रोरींनी त्याला प्रथम दुय्यम संघात खेळण्यास सांगितले. त्याने नकार दिला. अखेर 1947 च्या मे महिन्यात, स्टोक लीगचे विजेतेपद मिळविण्याच्या ऐन रंगात असताना, बत्तीस वर्षांच्या मॅथ्यूजला साडेअकरा हजार पौंडांस ब्लॅकपूलला विकण्यात आले. त्या वर्षी कडक हिवाळ्यामुळे हंगाम जूनपर्यंत लांबला होता. शेवटचा सामना शेफील्डला. तो जिंकला असता तर स्टोक विजेते ठरत होते. एक विरुद्ध दोन गोलांनी ते हरले आणि चौथे आले. तो मान स्टोकला कधीच मिळाला नाही. "ह्याला कशाला काढला?" हा प्रश्न त्या गावात किती वर्षे विचारला गेला असेल, ह्याची कल्पना प्रत्येक प्रेक्षकाला करता येईल.

1948-49 च्या हंगामात लीगच्या सामन्यांना चार कोटींहून अधिक प्रेक्षक आले. पगाराची मर्यादा तेव्हा बारा पौंड होती. प्रेस्टनचा टॉम फिनी, ज्याची तुलना खुद्द मॅथ्यूजशी होई, तो नळकामाचा धंदाही करीत असे. 1952 साली सिसिलीतील पालेर्मो क्लबने त्याला नुसत्या येण्याबद्दल दहा हजार पौंड देऊ केले. प्रेस्टनने त्याला सोडले नाही. तो निमूटपणे पुन्हा खेळू लागला.

पुढचे लवकर सांगतो. मर्यादा वीस पौंडांवर आली असता युनियनचे अध्यक्ष जिमी हिल ह्यांनी संपाची हाक दिली. मँचेस्टरच्या सभेत एक तरुण खेळाडू म्हणाला की माझे वडील खाणीत ह्याहून कमी पैशात राबतात, मग आपण अधिक कसे मागावे? त्यावर बोल्टनचा टॉमी बँक्स उठला. उद्या तुझ्या वडिलांची पाळी मी करतो, त्यांनी शनिवारी मॅथ्यूजला अडवून दाखवावे, अशा अर्थाचे तो बोलला आणि सभा जिंकून गेला. संपाची तारीख 21 जानेवारी 1961 ही होती. 18 तारखेस क्लब नमले आणि साठ वर्षांची मर्यादा गेली. फुलहॅमच्या जॉनी हेन्सचा पगार वीस पौंडांवरून एकदम शंभरावर गेला.

यादीचा निकाल न्यायालयाने लावला. न्यूकॅसलच्या जॉर्ज ईस्टहॅमला क्लब सोडावयाचा होता, क्लब सोडीना. त्याने फुटबॉल बाजूस ठेवून कॉर्क विकण्याची नोकरी धरली. शेवटी त्याला आर्सेनलकडे जाऊ दिले, पण त्याने फिर्याद मागे घेतली नाही. 1963 साली न्यायमूर्ती विल्बरफोर्स ह्यांनी निर्णय दिला की करार संपल्यावरही माणसास अडकवून ठेवणे हा त्याच्या व्यवसायावर अवाजवी प्रतिबंध होय. जे उरले होते ते 1995 साली युरोपीय न्यायालयाने बोस्मन ह्या बेल्जियन खेळाडूच्या दाव्यात काढून टाकले.

आरंभीची भीती खोटी नव्हती, असे मी म्हटले होते. 1961 साली प्रेस्टन वरच्या वर्गातून घसरले, ते अद्याप परतलेले नाही. ब्लॅकपूल, बोल्टन ह्यांचेही वैभव ओसरले. लँकशायरच्या त्या क्लबांसाठी माझा जीव तुटतो; तरी त्यांचे वैभव फिनीला बांधून ठेवून राखावे, असे म्हणण्यास माझी जीभ रेटत नाही.

मॅथ्यूज मात्र 1961 साली, वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी, स्टोकला परत आला. त्याआधीच्या सामन्याला जेमतेम साडेआठ हजार माणसे होती. त्याच्या पहिल्या सामन्याला जवळजवळ छत्तीस हजार आली. पन्नाशी गाठूनच त्याने खेळ सोडला. आणि 1972 साली वेम्ब्लीच्या मैदानावर चेल्सीला हरवून स्टोकने आपला पहिला मोठा करंडक, लीग कप, जिंकला, तेव्हा विजयाचा गोल पस्तीस वर्षांच्या एका खेळाडूने केला. 1966 पासून तो स्टोककडे खेळत होता. त्याचे नाव जॉर्ज ईस्टहॅम.