इतर हक्क (सातबारा)

महाराष्ट्रात गाव नमुना सातवर भोगवटादाराच्या नावाखेरीज असणारा रकाना. जमिनीवर मालकाव्यतिरिक्त कोणाचा दावा आहे आणि मालकाला ती विकण्यास कोणते बंधन आहे, हे त्यात नोंदलेले असते : बँकेचा किंवा विकास सोसायटीचा बोजा, कुळाचे नाव, विहिरीतला हिस्सा, वहिवाटीची वाट, न्यायालयाचा मनाई हुकूम, पुनर्वसनासाठी घातलेली हस्तांतरणबंदी. नगर भूमापन झालेल्या भागात यासाठी मिळकत पत्रिका पाहावी लागते. घर घेणारा बहुधा विकणाऱ्याचे नाव जुळले की निश्चिंत होतो. व्यवहार मात्र या रकान्यापाशी अडतो.

बोजा हे त्यातले सोपे प्रकरण. कर्ज फिटल्याचा बँकेचा दाखला तलाठ्याकडे दिला की फेरफार होऊन तो उतरतो. कर्ज कधीच फिटले आणि नोंद तशीच राहिली, असेही पुष्कळदा आढळते, म्हणून खरेदीखतापूर्वीच विकणाऱ्याकडून हे काम करून घ्यावे. केवळ मूळ कागद ठेवून घेऊन केलेले गहाण उताऱ्यावर दिसेलच असे नाही. त्याची सूचना दुय्यम निबंधकाकडे दाखल करावी लागते. वकील साधारण तीस वर्षांचा सर्च घेतात, त्यात ती सापडते.

खरी गुंतागुंत भोगवटादार वर्ग-२ जमिनींची. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम २९ नुसार वर्ग-१ चा धारक जमीन साधारणपणे मुक्तपणे विकू शकतो. वर्ग-२ च्या धारकावर हस्तांतरणाचे निर्बंध असतात. सरकारने वाटप केलेल्या, जुन्या वतनाच्या पुनःप्रदान झालेल्या आणि कुळकायद्याने मिळालेल्या अनेक जमिनी याच वर्गात येतात. बंधन जमिनीला चिकटलेले असते, त्यामुळे मधल्या काळात ती कितीही हातांतून गेली तरी ते सुटत नाही. पूर्वपरवानगीशिवाय विक्री झाल्यास शर्तभंग होतो आणि जमीन सरकारजमाही होऊ शकते. दस्त नोंदवला गेला म्हणजे व्यवहार कायदेशीर झाला, हा समज इथे फार महाग पडतो, कारण नोंदणीने विकणाऱ्याकडे नसलेला अधिकार खरेदीदाराला मिळत नाही.

मात्र सगळी बंधने सारख्याच वजनाची नाहीत. उताऱ्यावर ‘कुळकायदा कलम ४३ च्या बंधनास पात्र’ असा शेरा दिसला म्हणून व्यवहार सोडून देण्याचे कारण नाही. २०१४ च्या दुरुस्तीनंतर, कुळाला खरेदीचे प्रमाणपत्र मिळून दहा वर्षे झाली असतील तर आकाराच्या, म्हणजे जमीन महसुलाच्या, चाळीस पट नजराणा भरून वेगळ्या परवानगीविना जमीन विकता येते. शेतजमिनीचा आकार बहुधा अगदी थोडा असल्याने ही रक्कमही लहानच असते. शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेण्याची मनाई मात्र त्यामुळे उठत नाही. सरकारी प्रदानाच्या जमिनीचे रूपांतर २०१९ च्या नियमांनी शक्य झाले, पण तिथे हिशोब बाजारमूल्याच्या टक्केवारीने होतो. तो खर्च कोणी सोसायचा, हे साठेखतात स्पष्ट लिहावे, आणि मोठी रक्कम परवानगी हाती आल्यावरच द्यावी.

आदिवासींच्या जमिनीचा प्रश्न वेगळा आहे आणि तो वेगळा असणेच न्याय्य आहे. जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ३६-अ नुसार अशी जमीन बिगर-आदिवासीला विकण्यास जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागते आणि त्यासाठी राज्य शासनाची पूर्वमान्यता हवी. फसवून काढून घेतलेल्या जमिनींचा मोठा इतिहास या तरतुदीमागे आहे. ‘परवानगी नंतर काढून देतो’ असे सांगणाऱ्या दलालाच्या भरवशावर इथे विसार देऊ नये.

सदनिका घेणाऱ्याने सातबारा किंवा मिळकत पत्रिका पाहण्याची पद्धत अजून रुळलेली नाही. इमारत सरकारी प्रदानाच्या वर्ग-२ जमिनीवर असेल तर एकेक सदनिका विकतानाही जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि हस्तांतरण शुल्क लागू शकते. नव्या प्रकल्पात रेरा कायदा, २०१६ चे कलम १८ ग्राहकाच्या बाजूने आहे : जमिनीच्या सदोष मालकीमुळे झालेल्या नुकसानीची भरपाई प्रवर्तकाने द्यायची असते आणि त्या दाव्याला मुदतीची आडकाठी नाही. जुनी सदनिका तिच्या मालकाकडून घेताना या कलमाचा आधार नसतो. तिथे मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ चे कलम ५५ लागू होते. सहज लक्षात न येणारा, पण विकणाऱ्याला ठाऊक असलेला मालकीहक्कातील महत्त्वाचा दोष त्याने खरेदीदाराला सांगितलाच पाहिजे, असे ते कलम म्हणते.