लोखंडाचा उतारा आणि मजुराचा हात

जुन्या चांदा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानात, लोखंड गाळण्याचा धंदा फार जुना. मातीची भट्टी, कातड्याचा भाता आणि लोणारी कोळसा एवढ्यावर इथले कारागीर दगडातून लोखंड काढीत. अशा भट्ट्यांवर एक ठपका नेहमी ठेवला गेला: दगड पुष्कळ जातो, लोखंड थोडे निघते.

हा ठपका कितपत खरा, हे हिशेबाने पाहू. साखर कारखान्यात उसाचा उतारा मोजतात, तसाच हा लोखंडाचा उतारा. हेमॅटाइट या लोहदगडात लोखंडाचे दोन अणू असले तर प्राणवायूचे तीन. अणुभार ५६ आणि १६ धरले, तर १६० भार दगडात ११२ भार लोखंड, म्हणजे शेकडा ७०. याहून रतीभरही अधिक निघणे नाही. शिवाय दगड निर्भेळ नसतो. समजा, १०० किलो दगडात हेमॅटाइट ९० किलो आहे. मग हिशेबी उतारा ६३ किलो. प्रत्यक्ष २१ किलो हाती आले, तर २१ ला ६३ ने भागून शंभराने गुणावे: शेकडा ३३. जो २१ ची तुलना थेट १०० शी करतो, तो कारागिरावर अन्याय करतो.

मग उरलेले ४२ किलो कोणी चोरले? कोणीच नाही. जुन्या भट्टीत चुनखडी घालीत नसत. दगडातली वाळू वितळून निघावी, तर लोखंडाच्याच काही भागाला तिच्याशी संयोग पावून कीट व्हावे लागे. झोतभट्टीत हे काम चुनखडी करते, म्हणून लोखंड वाचते. दोष रीतीचा होता, हाताचा नव्हता.

आता आमच्या वरोऱ्याची गोष्ट. १८८२ साली रिटर फॉन श्वार्ट्झ यांचा अहवाल जमशेटजी टाटांच्या वाचनात आला. लोहाऱ्याचा दगड उत्तम आणि वरोऱ्याची कोळशाची खाण जवळच! पण वरोऱ्याचा कोळसा जर्मनीत तपासला, तेव्हा तो या कामाला नालायक ठरला. त्याचा टणक कोक होत नाही. खाणकामाचे सरकारी नियमही जाचक होते. बेत राहिला. वरोऱ्याची खाण १९०६ साली बंद झाली आणि टाटांचे लोखंड १९११ साली दूर साकचीला वितळले. दगडाचा हिशेबी उतारा उत्तम असूनही वरोऱ्याच्या हाती शून्य आले.

आम्ही हे त्रैराशिक शाळेत नव्हे, मजुरीच्या वाटाघाटीत शिकलो. उतारा घटला की पहिली नजर मजुराच्या हाताकडे जाते आणि वजनावरची मजुरी कापली जाते. तेव्हा आधी तीन प्रश्न विचारावेत: माल किती शुद्ध होता? हिशेबी उतारा किती? घट कोणत्या वाटेने गेली? एवढे झाल्यावर मजुराकडे बोट दाखवायचे असेल, तर खुशाल दाखवावे.