गंभीर आजारी बालकांच्या वेदनांचे शमन

आजाऱ्यांच्या भेटीस जाताना आईवडिलांच्या तोंडून दोन वाक्ये आम्हांला अनेकदा ऐकू येतात. 'मॉर्फिन सुरू केले म्हणजे सारे संपले' हे एक, आणि 'एवढे दुःख देवाला अर्पण करू' हे दुसरे. पहिल्यात भीती आहे, दुसऱ्यात श्रद्धा. परंतु दोहोंमुळे बालक विनाकारण तळमळत राहते. म्हणून या विषयाची वैद्यकीय व धार्मिक बाजू येथे थोडक्यात मांडत आहोत.

उपशामक सेवा म्हणजे काय?

जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९८ सालच्या व्याख्येनुसार बालकांची उपशामक सेवा (पॅलिएटिव्ह केअर) म्हणजे शरीर, मन व आत्मा यांची सर्वांगीण काळजी आणि कुटुंबाला आधार. ती निदानापासूनच सुरू होते व मूळ रोगावरील उपचारांबरोबर चालते. तिचा स्वीकार म्हणजे आशेचा त्याग नव्हे.

शारीरिक त्रास

तान्ह्या बाळाला वेदना सांगता येत नाही. त्याचा चेहरा, पायांची हालचाल, अस्वस्थता, रडणे आणि जवळ घेतल्यावर शांत होणे वा न होणे यांवरून ती ओळखावी लागते. साधारणतः तीन-चार वर्षांपुढील मुले हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांच्या चित्रांवर बोट ठेवून वेदना किती ते दाखवू शकतात. गप्प पडून राहिलेले मूल वेदनामुक्त असतेच असे नाही.

याच संघटनेने २०१२ साली दोन पायऱ्यांची पद्धत सुचविली : सौम्य वेदनेसाठी पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन, मध्यम व तीव्र वेदनेसाठी मॉर्फिनसारखे औषध. वेदना सतत असल्यास औषध ठरलेल्या वेळी द्यावे. मूल कळवळेपर्यंत थांबू नये. मात्रा वजन व वय पाहून डॉक्टरांनीच ठरवावी. मॉर्फिनमुळे बद्धकोष्ठता होते, म्हणून सोबत रेचक दिले जाते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली वेदनेसाठी ते घेतल्यास व्यसन लागण्याची भीती फारशी नसते. अंमली पदार्थविषयक कायद्यात २०१४ साली दुरुस्ती झाल्यानंतर मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना ते ठेवणे सुलभ झाले आहे.

धाप लागल्यास उशाकडील बाजू उंच करावी, खिडकी उघडावी, चेहऱ्यावर हळुवार वारा घालावा. तोंड ओलसर व स्वच्छ ठेवावे. अन्न थोडे थोडे द्यावे. बळजबरी करू नये.

मनाचा त्रास

लहान मुलाला पुष्कळदा वाटते की, आपण खोडी केली म्हणून हा आजार झाला. 'यात तुझा काही दोष नाही' हे त्याला स्पष्ट शब्दांत व वारंवार सांगावे. 'देवाने शिक्षा केली' असे कोणीही बोलू नये. मुलाच्या प्रश्नांना त्याला समजेल एवढे, पण खरे उत्तर द्यावे. लपवाछपवीने ते एकटे पडते. खेळ, गोष्टी, शाळेची पुस्तके, मित्रांची भेट हे जमेल तितके चालू ठेवावे. घरातील इतर भावंडांच्या मनातील भीतीही विसरू नये.

ख्रिस्तसभेची शिकवण

पोप बारावे पायस यांनी १९५७ सालीच स्पष्ट केले होते की, वेदनाशामक औषध घेणे नीतीला धरून आहे. कॅथोलिक धर्मशिक्षणग्रंथानुसार (परिच्छेद २२७९) मृत्यू हा हेतू नसेल, तर आयुष्य कमी होण्याचा संभव असतानाही वेदनाशमन करता येते. उपशामक सेवा हे तेथे निःस्वार्थ प्रीतीचे विशेष रूप मानले आहे. दुःखाचे अर्पण हे ज्याचे त्याने स्वेच्छेने करावयाचे असते. ते बालकावर लादता येत नाही, असे आम्हांला वाटते.

संस्कारांसाठी अखेरच्या घटकेची वाट पाहू नये. समज आलेल्या बालकाला रुग्णाभ्यंग देता येतो, आणि समज आली की नाही याविषयी शंका असली तरी तो द्यावा. मरणाच्या धोक्यात असलेले मूल ख्रिस्तशरीर व साधे अन्न यांतील फरक ओळखत असेल, तर त्याला कम्युनियन देता येते. अशा वेळी कोणताही धर्मगुरू दृढीकरणही देऊ शकतो. बाप्तिस्मा झाला नसेल तर तो विनाविलंब द्यावा.

मुंबईत परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात उपशामक चिकित्सेचा विभाग आहे. वांद्र्याचे शांती आवेदना सदन १९८६ पासून बळावलेल्या कर्करोगाच्या रुग्णांची सेवा करीत आहे. निदान होताच डॉक्टरांकडे या सेवेची चौकशी करावी.

याईराच्या मुलीला उठविल्यावर प्रभू येशूने तिला खावयास देण्यास सांगितले (मार्क ५:४३). एवढ्या मोठ्या चमत्काराच्या क्षणीही त्याला त्या लेकराची भूक आठवली. आपल्या घरातील आजारी बालकाच्या वेदनेकडे आपण त्याच नजरेने पाहावे, अशी आमची विनंती आहे.