यकृताच्या कर्करोगाची आणेवारी

श्रोतेहो, यंदा पीक किती आणे आले, हा प्रश्न आपल्या गावांना नवा नाही. सोळा आणे म्हणजे पुरते पीक. पुढे आणे गेले आणि आणेवारीची पैसेवारी झाली. कचेरीत तो आकडा उगाच टिपून ठेवीत नसत. साऱ्यात सूट द्यायची की नाही, हे त्यावर ठरे. म्हणून तर आणेवारी कशी काढली यावरून भांडणे होत.

डॉक्टरही रोगाची अशीच आणेवारी काढतात. तिला ते ‘स्टेज’ म्हणतात. आपण पायरी म्हणू. घरातल्या कुणाला यकृताचा कर्करोग झाला आणि “तिसरी पायरी” हे शब्द कानावर आले, की घरच्यांचे हातपाय गळतात. पण ही पायरी कोणत्या जिन्याची, हे कुणी विचारीत नाही. आज त्या जिन्यांचाच इतिहास पाहू.

पहिला जिना फ्रान्समधला. पॅरिसजवळच्या गुस्ताव्ह रूसी संस्थेतील पिएर दनुआ यांनी 1943 ते 1952 या काळात सर्व कर्करोगांसाठी एक पद्धत बसवली. तीन प्रश्न विचारायचे: मूळ गाठ केवढी? जवळची अवधाणे सुजली का? रोग दूरच्या अवयवांत गेला का? त्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला ‘टीएनएम’ हे नाव पडले. 1968 साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संघाने तिची पुस्तिका काढली आणि ती जगभर गेली.

यकृतापाशी मात्र ही मोजपट्टी अपुरी पडली. का बरे? स्तनातली गाठ मोजताना उरलेले शरीर बहुधा धडधाकट असते. यकृताच्या बहुतेक रोग्यांत गाठ येण्यापूर्वीच यकृत खराब झालेले असते. काविळीचे ‘ब’ आणि ‘क’ विषाणू किंवा वर्षानुवर्षांची दारू यांनी ते कठीण, गाठाळ होते. त्याला सिरोसिस म्हणतात. तुळईला एके जागी तडा गेलाय, पण सारे लाकूडच वाळवीने पोखरलेय. मग नुसता तडा मोजून घर किती टिकेल ते कसे कळणार?

पोखरलेले लाकूड मोजण्याची रीत आली ती भलत्याच वाटेने. 1964 साली अमेरिकेत चाइल्ड आणि टरकॉट या शल्यवैद्यांनी सिरोसिसच्या रोग्यांना शस्त्रक्रिया झेपेल का, हे ठरवण्यासाठी ‘ए’, ‘बी’, ‘सी’ असे तीन वर्ग केले. कावीळ, रक्तातले अल्ब्युमिन, जलोदर, बुद्धीचा गोंधळ आणि पोषण या पाच गोष्टी ते पाहत. 1973 साली लंडनमध्ये प्यू आणि सहकाऱ्यांनी पोषणाच्या जागी रक्त गोठायला लागणारा वेळ घेतला आणि प्रत्येक गोष्टीला गुण ठरवून दिले. यात कर्करोगाचा संबंधच नव्हता.

हे दोन धागे एकत्र ओवले जपानच्या कुनिओ ओकुडा यांनी, 1985 साली, 850 रोग्यांच्या नोंदी अभ्यासून. गाठीने अर्ध्याहून अधिक यकृत व्यापले का, जलोदर आहे का, अल्ब्युमिन 3 ग्रॅमच्या खाली आणि बिलिरुबिन 3 मिलिग्रॅमच्या वर आहे का, एवढेच चार प्रश्न. एकही खूण नसली तर पहिली पायरी, एक-दोन असल्या तर दुसरी, तीन-चार असल्या तर तिसरी. ज्यांना खास उपचार मिळाले नव्हते, त्यांचे मध्यम आयुष्य पहिल्या पायरीवर 8.3 महिने, दुसरीवर 2 महिने आणि तिसरीवर 0.7 महिना भरले. आकडे भयंकर खरे. पण ते त्या काळचे आणि बिनउपचारांचे आहेत, हे ध्यानात ठेवा.

पुढे गाठ लवकर सापडू लागली. 1996 साली मिलानच्या माझाफेरो यांनी दाखवले, की 5 सेंटिमीटरपर्यंतची एकच गाठ, किंवा प्रत्येकी 3 सेंटिमीटरपर्यंतच्या तीन गाठी असतील, तर यकृत बदलल्यावर चार वर्षांनी शंभरांतले 75 रोगी हयात असतात. 1998 साली इटलीतील वैद्यांनी आणखी एक गुणपद्धती काढली.

मग 1999 साली बार्सिलोनाच्या वैद्यांनी पायरीला थेट उपचार जोडला. गाठ, यकृताची ताकद आणि रोगी स्वतः हिंडतो-फिरतो का, हे तिन्ही पाहून ‘ए’, ‘बी’, ‘सी’, ‘डी’ अशा पायऱ्या केल्या, आणि प्रत्येकीपुढे काय करावे ते लिहिले. 2022 साली तिची नवी आवृत्ती निघाली. हाँगकाँगच्या वैद्यांना मात्र तिचे उपचार काही रोग्यांसाठी फार सावध वाटले. 2014 साली त्यांनी वेगळा जिना बांधला.

आता एक उदाहरण घ्या. गाठ एकच, दोन सेंटिमीटरची. पण यकृत पार थकलेले आणि ते बदलणेही शक्य नाही. टीएनएमच्या जिन्यावर हा रोगी पहिल्याच पायरीवर. बार्सिलोनाच्या जिन्यावर तोच शेवटच्या ‘डी’ पायरीवर! रोगी तोच, गाठ तीच.

म्हणून वैद्यापाशी तीन गोष्टी विचारा: पायरी कोणत्या पद्धतीची? यकृत कितपत चालते आहे? आणि या पायरीवर करण्यासारखे काय आहे? पायरी म्हणजे कपाळावरची रेघ नव्हे. पुढचे काम ठरवण्याचा तो आकडा आहे.

आणि शिक्षकमित्रांनो, एक गोष्ट गावात जरूर सांगा. ‘ब’ काविळीची लस 2011 पासून देशभरच्या लसीकरणात आहे. तिचा पहिला डोस बाळाला जन्मानंतर 24 तासांच्या आत हवा. ‘क’ कावीळ गोळ्यांनी बरी होते, आणि 2018 पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात सरकारी केंद्रांवर तपासणी व औषध मोफत आहे. बुरशी आलेले शेंगदाणे आणि मका फेकून द्या. त्या बुरशीचे विषही यकृताला कर्करोग करते. जिना चढावाच लागू नये, याची तजवीज आधी आपल्या उंबरठ्यावर करायची असते.