अ‍ॅम्बॅसॅडरला नसलेला बुश

संशोधनाचा विषय शोधताय? मग आज एका रबरी तुकड्याबद्दल बोलू. मुठीत मावेल एवढा असतो. काही गाड्यांमध्ये मागचं डिफरन्शियल ज्या जागी गाडीला जोडलेलं असतं, त्या जोडणीत तो बसवलेला असतो. तिथल्या भाषेत डिफरन्शियलचा बुश.

माझ्या प्रबंधातल्या एका प्रकरणासाठी मी पुण्यातल्या एका जुन्या गॅरेजमध्ये गेले होते. मिस्त्रींना मी अगदी आत्मविश्वासाने विचारलं, "अ‍ॅम्बॅसॅडरच्या डिफरन्शियलचे बुश किती वर्षांनी बदलायचात?" ते हसले. म्हणाले, "ताई, अ‍ॅम्बॅसॅडरला पाट्याचे बुश असतात. डिफरन्शियलचा बुश नसतोच."

वहीत मी 'प्रश्न चुकला' असं लिहिलं. पण घरी येईपर्यंत लक्षात आलं, की खरा प्रश्न आत्ता मिळालाय. काही गाड्यांना हा बुश लागतो आणि काहींना लागत नाही, असं का? इतिहासात एखादी गोष्ट 'नसणं' हाही पुरावा असतो, पण ती नाही हे आधी दिसायला तर हवं!

आधी यंत्र समजून घेऊ. गाडी वळते तेव्हा बाहेरचं चाक आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापतं. दोन्ही चाकांना ताकद देऊन वेगवेगळ्या गतीने फिरू देण्याचं काम डिफरन्शियल करतं. अ‍ॅम्बॅसॅडर, पद्मिनी किंवा जुनी जीप यांच्यात ते मागच्या अ‍ॅक्सलच्या हाउसिंगमध्येच बंद असतं. हे सगळं धूड चाकांबरोबर वरखाली होतं आणि पाट्यांवर बांधलेलं असतं. क्राउन-पिनियनचा आवाज आणि वेग घेताना हाउसिंगला बसणारा पीळ, दोन्ही आधी पाट्यांकडे जातात आणि पाट्यांच्या टोकांवरच्या बुशांमधून गाडीत पोचतात. म्हणजे डिफरन्शियल गाडीच्या सांगाड्याला थेट जोडलेलंच नाही. मग त्याला वेगळा बुश कशाला लागेल?

अडचण सुरू होते ती डिफरन्शियल चाकांपासून सोडवून सांगाड्यावर टांगल्यावर. असं करण्यात फायदा मोठा आहे. खड्ड्यात चाकाबरोबर उडणारं वजन कमी होतं आणि चाक रस्त्याला जास्त धरून राहतं. 1890च्या दशकात फ्रान्समध्ये द दियाँ-बूताँच्या गाड्यांनी हा मार्ग धरला. 1923मध्ये हान्स लेडविंका यांच्या टाट्रा 11ने मागची दोन्ही चाकं स्वतंत्र केली आणि डिफरन्शियल मधल्या जाड नळीच्या टोकाला पक्कं बसवलं. पण दात्यांचा आवाज आता पाट्यांचा वळसा न घेता थेट सांगाड्यात शिरू शकत होता. स्वस्त किंवा खडबडीत गाडीत ते चालून जातं, शांत आणि महागड्या गाडीत नाही.

याचं उत्तर मात्र गिअरच्या नव्हे, रबराच्या इतिहासात सापडतं. चार्ल्स गुडइयर यांनी 1839मध्ये गंधक आणि उष्णता वापरून रबर टिकाऊ करण्याची रीत शोधली. 1920च्या दशकात फ्रान्समध्ये 'सिलेंटब्लॉक' या व्यापारी नावाचा बुश आला. आत एक धातूची नळी, बाहेर दुसरी आणि मध्ये दाबून बसवलेलं रबर. हालचाल होते ती रबराला पीळ बसून, घासून नाही, त्यामुळे ग्रीस लागत नाही. 1931मध्ये प्लिमथने इंजिन रबरावर तरंगतं ठेवून 'फ्लोटिंग पॉवर' या नावाने त्याची जाहिरात केली.

ते फ्रेंच नाव आपल्याकडेही पोचलं. बजाज चेतकचं इंजिन ज्या सांध्यावर झुलायचं, तिथल्या रबराला स्कूटरचे मिस्त्री 'सायलेंट ब्लॉक'च म्हणतात. पेटंटच्या कागदात सापडणार नाही असा हा प्रवास गॅरेजच्या बोलीत शिल्लक आहे.

या दोन धाग्यांची ठळक गाठ दिसते ती 1961च्या जॅग्वार ई-टाइपमध्ये. तिथे डिफरन्शियल एका पोलादी पिंजऱ्यात बोल्टने घट्ट बसवलं आणि तो अख्खा पिंजरा चार रबरी माउंटिंगवर बॉडीला टांगला. 1980च्या दशकातल्या बीएमडब्ल्यू 3 सिरीजमध्ये, म्हणजे ई30 पिढीत, रचना वेगळी आहे. डिफरन्शियल पुढच्या बाजूने सबफ्रेमला बोल्टने जोडलेलं आणि मागच्या झाकणात एकच मोठा रबरी बुश, त्यातून जाणारा बोल्ट थेट बॉडीत.

या बुशावर भार किती येतो? गोल आकडे घेऊ. इंजिनचा टॉर्क 150 न्यूटन-मीटर, पहिल्या गिअरचं गुणोत्तर 3.7, डिफरन्शियलचं 3.9. गुणाकार सुमारे 2,165. चाकांना एवढा टॉर्क मिळतो तेव्हा डिफरन्शियलचं धूड तितक्याच जोराने उलट फिरू पाहतं. पुढच्या आणि मागच्या जोडणीत 0.4 मीटर अंतर धरलं, तर प्रत्येक बाजूवर सुमारे 5,400 न्यूटन, म्हणजे साडेपाचशे किलो वजनाइतका जोर. अ‍ॅक्सिलरेटर सोडला की तो जोर दिशा बदलतो. वर्षानुवर्षं हे चालू राहतं, शिवाय उष्णता आणि सीलमधून झिरपणारं तेल. रबर तडकतं, धातूपासून सुटतं आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबताना-सोडताना मागून 'ठक्' ऐकू येतं.

आता तुमच्या कामाचं. तो 'ठक्' म्हणजे साक्षीदार आहे, निकाल नाही. तसाच आवाज प्रॉपेलर शाफ्टच्या झिजलेल्या क्रॉसचा, रबरी कपलिंगचा, सबफ्रेमच्या बुशाचा किंवा क्राउन-पिनियनमधल्या वाढलेल्या फटीचाही असू शकतो. म्हणून चांगला मिस्त्री गाडी स्टँडवर पक्की घेतो, पहारीने डिफरन्शियल हलकेच उचकटून पाहतो आणि एकेक शक्यता बाद करतो. आपण याला साधनचिकित्सा म्हणतो.

जुना बुश काढण्याआधी तो कुठल्या कोनात बसलाय याची खूण करायची, कारण रबरात मुद्दाम ठेवलेल्या पोकळ्या असतात आणि त्या कुठल्या दिशेला मऊपणा हवा ते ठरवतात. एकदा ठोकून बाहेर काढला की ती माहिती गेली. दप्तरखान्यात रुमाल सोडण्याआधी कागदांचा मूळ क्रम टिपून घेतो, तसंच हे. डिफरन्शियलला खालून जॅकचा आधार द्यायचा, नवा बुश ओढणाऱ्या किंवा दाबणाऱ्या हत्याराने सरळ बसवायचा, वंगणाला साबणाचं पाणी घ्यायचं, कारण खनिज तेल नैसर्गिक रबराला खातं. डिफरन्शियल नेहमीच्या जागी आल्यावरच शेवटचा बोल्ट आवळायचा, नाहीतर रबर पहिल्या दिवसापासून पिळलेलंच राहतं.

आणि निवड? रबर मऊ, शांत, पण लवकर थकणारं. ओटो बायर यांच्या 1937च्या संशोधनातून आलेलं पॉलियुरेथेन जास्त कडक. तेल झेपतं, धूड कमी हलतं, पण दात्यांची गुणगुण केबिनमध्ये येते. भरीव अ‍ॅल्युमिनियम म्हणजे शर्यतीचा मामला. बुश कडक केला म्हणून जोर नाहीसा होत नाही, तो पुढे सरकतो, बोल्टकडे, झाकणाकडे, बॉडीच्या पत्र्याकडे. जिथे अनेक बुश आहेत तिथे एकच कडक केला, तर जास्त भार त्याच्याच वाट्याला येतो. रोजच्या गाडीला ताज्या उत्पादनाचा, मूळ कडकपणाचा रबरी बुश बरा. दहा वर्षं कपाटात पडलेला 'नवा' बुश नवा नसतो. बुशाने झिजायचं ते महागडी बॉडी वाचावी म्हणून.

माझ्या पहिल्या मसुद्यात यातलं काहीच नव्हतं. होती फक्त शोधकांची आणि सनावळीची रांग. मार्गदर्शकांनी समासात एवढंच लिहिलं होतं, "हे झिजल्यावर कोण बदलतं?" त्या एका ओळीने माझं प्रकरण पुन्हा लिहायला लावलं. डेव्हिड एजर्टन यांनी 'द शॉक ऑफ द ओल्ड' (2006) या पुस्तकात हाच आग्रह धरलाय, की तंत्रज्ञानाचा इतिहास शोधाच्या तारखेवर थांबवू नका, वापर आणि देखभालीकडे पाहा.

शोधाची तारीख एकच असते, बदलण्याच्या तारखा हजारो. त्या पेटंट ऑफिसात सापडत नाहीत. त्या असतात बिलबुकांत, सुट्या भागांच्या कॅटलॉगमध्ये आणि मिस्त्रींच्या आठवणीत. यातल्या आठवणी आधी जातील. तेव्हा विषय ठरवताना स्वतःला विचारा, मी अभ्यासतोय ती वस्तू कोण सांभाळतं? ते माणूस हयात असेल, तर ग्रंथालय उद्यावर ढकला आणि आज त्याला भेटून या.