गाठीपर्यंत जाणारा निरोप



आज एका गोळीचा इतिहास सांगते. गोळीचं नाव टॅमॉक्सिफेन. स्तनाच्या कर्करोगात ती देतात. आपल्यापैकी कुणाच्या घरी ती रोज घेतलीही जात असेल.

ही गोष्ट सुरू होते गायीपासून. स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात जॉर्ज बीटसन नावाचे सर्जन होते. गायीचे बीजकोश काढले तर ती जास्त काळ दूध देत राहते, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी विचार केला, बीजकोश ओटीपोटात आणि दूध कासेत, तरी दोघांचा काहीतरी संबंध असणार. १८९५ साली त्यांनी स्तनाचा कर्करोग उलटलेल्या एका बाईचे बीजकोश काढले. काही महिन्यांत तिची गाठ विरली. १८९६ साली त्यांनी हे छापून जगापुढे ठेवलं.

पण सगळ्या बायांना गुण येईना. साधारण तिघींत एकीला फायदा व्हायचा, बाकीच्यांचं पोट उगाच फाडलं जायचं. कुणाला गुण येईल, हे आधी कसं कळावं?

याचं उत्तर मिळायला साठेक वर्षं लागली. बीजकोशात इस्ट्रोजेन नावाचं संप्रेरक तयार होतं. संप्रेरक म्हणजे रक्तातून फिरणारा निरोप. अमेरिकेत शिकागोला एल्वुड जेन्सन यांनी खूण केलेलं इस्ट्रोजेन उंदरांच्या माद्यांना दिलं आणि ते कुठे जातं ते पाहिलं. इतर ठिकाणाहून ते निघून गेलं, गर्भाशयात मात्र टिकून राहिलं. कारण तिथल्या पेशींत ते धरून ठेवणारा रिसेप्टर होता. निरोप सगळीकडे फिरतो, पण ज्या पेशीत रिसेप्टर आहे तिलाच तो ऐकू येतो. निरोप पोचला की रिसेप्टर पेशीच्या गाभ्यात हुकूम देतो, ‘वाढ, एकीच्या दोन हो.’ ज्या गाठींत हा रिसेप्टर असतो, त्या या हुकुमावर वाढतात. त्या तिघींतल्या एकीला गुण का येई, ते आता उमगलं.

मग निरोप अडवायचा कसा? १९६२ साली इंग्लंडमध्ये आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत डोरा रिचर्डसन या रसायनतज्ज्ञ बाईंनी टॅमॉक्सिफेन तयार केलं. खरं तर शोध चालला होता गर्भनिरोधकाचा. उंदरांत ते चाललं, बायकांत मात्र उलटंच झालं, बीज सुटायला मदत झाली! पण हे औषध स्तनाच्या पेशीतल्या रिसेप्टरवर जाऊन बसतं आणि इस्ट्रोजेनला जागाच ठेवत नाही. १९७१ साली मँचेस्टरच्या डॉक्टर मेरी कोल यांनी कर्करोग पुढे गेलेल्या ४६ बायांना ते दिल्याचा अहवाल छापला. त्यांतल्या १० जणींना चांगला गुण आला होता. १९७३ साली ब्रिटनमध्ये ते औषध म्हणून मिळू लागलं.

सगळ्याच गाठी इस्ट्रोजेनवर वाढत नाहीत. काहींत ‘हर टू’ नावाचा दुसरा रिसेप्टर फाजील असतो. त्याला अडवणारं ट्रास्टुझुमॅब हे औषध अमेरिकेत १९९८ साली मंजूर झालं.

मैत्रिणींनो, या इतिहासातून आपण काय घ्यायचं? गाठीचा तुकडा तपासायला गेला की डॉक्टरांना विचारा, ‘ईआर, पीआर आणि हर टू तपासलं का?’ औषध त्यावरच ठरतं. तो कागद जपून ठेवा.

दुसरं, ईआर असलेल्या गाठीत ऑपरेशननंतर टॅमॉक्सिफेन पाच वर्षं घेतलं, तर या रोगाने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी होतात. अंगातून वाफा निघतात, घाम येतो, म्हणून कितीतरी जणी मध्येच गोळी सोडतात. बरं वाटतंय, मग कशाला, असंही घरचे म्हणतात. पण गोळी थांबली की निरोपाची वाट पुन्हा मोकळी होते. त्रास झाला तर डॉक्टरांना सांगा, आपल्या मनाने बंद करू नका. पाळी गेल्यावर अंगावरून रक्त गेलं, तर लगेच दाखवा. गोळी चालू असताना दिवस राहू देऊ नका.

आणि स्तनात गाठ लागली, तर दुखत नाही म्हणून थांबू नका. सुरुवातीला ती बहुधा दुखतच नाही. लाज बाजूला ठेवा आणि गटातल्या एकीला सोबत घेऊन दवाखाना गाठा.